व्हीएममध्ये नेट नाही? पुन्हा इन्स्टॉल करायच्या आधी

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात सपोर्टच्या कामाला नवीन लागलेली पोरं घरी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकतात, त्यात फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम चढवतात आणि थोड्याच दिवसांत विचारायला येतात, "दादा, व्हीएममध्ये नेट नाही चालून राहिलं." मग काय केलं? "पुन्हा इन्स्टॉल केलं ना." असं नका करू बाप्पा. बिघाड बऱ्याचदा गेस्टच्या (म्हणजे त्या व्हीएमच्या) आत नसतोच, त्यामुळे नव्या इन्स्टॉलमध्येही तो तसाच भेटतो.

आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्कचा प्रकार कोणता निवडलाय ते बघा. होस्ट-ओन्ली (होस्ट म्हणजे आपला लॅपटॉप) असेल तर इंटरनेट येणारच नाही, ते फक्त लॅपटॉप आणि गेस्टच्या आपसातल्या बोलण्यासाठी आहे. ब्रिज्डमध्ये गेस्ट थेट राऊटरकडे पत्ता मागतो. घरच्या केबलवर हे झकास चालतं, होस्टेलच्या वायफायवर मात्र बरेचदा अडतं. तिथला ॲक्सेस पॉइंट एका जोडणीवर एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) मानतो, वर ब्राउझरमधून लॉगिनही मागतो. शिकताना नॅटच ठेवा, त्यात गेस्ट लॅपटॉपच्याच जोडणीतून बाहेर जातो.

आता गेस्टमध्ये शिरा आणि आयएफकॉन्फिग ही नेटवर्क इंटरफेसची स्थिती दाखवणारी कमांड चालवा. 'नो कॅरिअर' दिसलं तर सेटिंगमधली 'केबल कनेक्टेड'ची खूण निघालेली असेल. इंटरफेसचं नावही नीट वाचा. इंटेलचं कार्ड निवडलं असेल तर ते ईएम०, व्हर्टआयओ (व्हीएमसाठीचं आभासी कार्ड) निवडलं तर व्हीटीनेट०. कोणीतरी वेग वाढेल म्हणून कार्डाचा प्रकार बदलतो, आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये ओळ मात्र ईएम०चीच राहते. मग बूट होताना डीएचसीपी (आपोआप पत्ता मिळवायची सोय) कोणासाठी चालणार? मला विचाराल तर नव्या पोरांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ओळ दुरुस्त करून नेटइफ ही नेटवर्कची सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर तेवढ्यापुरतं डीएचक्लायंट ही पत्ता मागणारी कमांड हातानं चालवा.

नॅटमध्ये गेस्टला बहुधा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, असतो १०.०.२.२. नेटस्टॅट -आरएन या कमांडच्या यादीत 'डिफॉल्ट'च्या ओळीत तो गेटवे दिसायला हवा. पत्ता आहे पण डिफॉल्टची ओळच नाही, तर पॅकेट बाहेर जाणार कुठून?

इथवर सगळं ठीक आणि तरी पॅकेज उतरत नसेल, तर संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरवर. त्याचा पत्ता असलेली रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल उघडा. लॅपटॉप ऑफिसच्या नेटवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आला की कधीकधी गेस्टमध्ये ऑफिसचाच डीएनएस राहून जातो आणि तो हॉटस्पॉटवरून पोचत नाही. तात्पुरता गूगलचा ८.८.८.८ लिहून बघा. नावं उघडायला लागली तर दुखणं सापडलं.

पिंगवर (समोरचा संगणक उत्तर देतो का ते बघणारी कमांड) फार विसंबू नका. नॅटमधून पिंग आणि ट्रेसराऊट भरवशाचे नसतात. क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या युजर नेटवर्किंगमध्ये तर बाहेरचं पिंग सहसा जातच नाही, तरी वेब व्यवस्थित चालतं. पिंगला उत्तर नाही म्हणून चालू नेटवर्क उकरत बसलेली पोरं मी पाहिली आहेत. फेच कमांड वापरून एखादं पान उतरवून बघा, ती खरी परीक्षा.

उलट दिशेची अडचण वेगळी. लॅपटॉपवरून गेस्टमध्ये एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) होत नाही, कारण नॅट बाहेरून आत येऊ देत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचा २२२२ गेस्टच्या २२ ला जोडा आणि लोकलहोस्टच्या २२२२ वर एसएसएच करा. 'कनेक्शन' लागतं पण रूटचा (मुख्य ॲडमिन खात्याचा) पासवर्ड घेत नाही, अशी ओरड यानंतर येते. तो नेटवर्कचा दोष नाही, फ्रीबीएसडीचा एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) रूटला मुळातच आत घेत नाही. साधा युजर काढा, एसयू कमांडनं रूट होता यावं म्हणून त्याला व्हील ग्रुपमध्ये टाका आणि त्याच्या नावानं लॉगिन करा.