जुनी खिडकी बदलायची की ठेवायची?

जुन्या घरातल्या खिडक्या कळकट दिसू लागल्या की पहिला विचार येतो तो सगळ्या काढून नव्या बसवण्याचा. आधी पेचकस घ्या.

१. चौकटीची खालची आडवी पट्टी आणि दोन्ही खालचे कोपरे पेचकसाने टोचून बघा. पाणी तिथेच साचतं, म्हणून लाकूडही तिथूनच कुजतं. टोक अडलं तर लाकूड शाबूत आहे. भुसभुशीत लागून आत गेलं तर कुजलंय. तेही कोपऱ्यापुरतंच असेल, तर सुतार तेवढाच तुकडा बदलून देतो.

२. चौकट कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजा, दोन्ही बाजूंनी. मापं जवळजवळ सारखी हवीत. चांगलाच फरक आला तर चौकट वाकली आहे, आणि तिथे रंगरंगोटीवर पैसे घालू नका.

३. झडप आणि चौकट यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून खिडकी बंद करा आणि पट्टी ओढून बघा. पट्टी सहज निसटली तर फट आहे. बहुतेक वेळा बिजागरीचे स्क्रू आवळून आणि रबरी पट्टी चिकटवून काम भागतं.

लाकूड चांगलं निघालं तर मला विचाराल तर खिडकी ठेवाच. नवा रंग, नव्या कड्या, आणि तीच खिडकी देखणी दिसते.

जपा एवढंच: फार जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. आधी तपासून घ्या.