गुडघ्यात पाणी झालंय? शेक द्यायच्या आधी या चुका टाळा

सांगलीत फिजिओथेरपी करताना ‘गुडघ्यात पाणी झालंय’ हे वाक्य रोज कानावर पडतं. भांगलण करून गुडघे धरलेल्या मावशी असोत की तालमीतली पोरं, तक्रार एकच. ताप कशानं आला हे आपण शोधतो, तसंच पाणी कशानं झालं हेही शोधावं लागतं. तिथंच आम्हा फिजिओथेरपिस्टांची मोठी चूक होते. सूज दिसली की शेक, मशीन आणि मांडीचे व्यायाम लगेच सुरू!

आधी विचारा, सूज आली केव्हा? कुस्ती खेळताना गुडघा पिळवटला आणि दोन तासांत टम्म फुगला, तर आत बहुधा रक्त साठलंय. लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, तुटलं असेल किंवा हाडाला तडा गेला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी हळूहळू सूज चढली, तर संशय गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर घ्या. आणि काही मार लागलेला नसताना रात्रीत गुडघा लाल, गरम झाला, पेशंट हातही लावू देईना? मग गाऊट (युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून येणारी सूज) असेल किंवा सांध्यात जंतुसंसर्ग. त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे पाठवा, कारण संसर्गात कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, काही दिवसांतच खराब होते. ताप नाही म्हणून थांबू नका. वयस्कर आणि मधुमेही पेशंटना तो येतोच असं नाही. गाऊट आणि संसर्ग यांतला फरक सुईनं पाणी काढून तपासल्यावरच कळतो. रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल आलं म्हणून गाऊट नाही असंही धरू नका, ऐन अटॅकमध्ये ते नॉर्मल येऊ शकतं.

माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका आजींच्या गुडघ्यावर मी तीन आठवडे घालवले. सूज नव्हती, गुडघा वाकवताना दुखत नव्हता, तरी माझे हात तिथंच. एक दिवस मांडी आत फिरवली आणि त्या कळवळल्या. दुखणं खुब्याचं होतं. त्या तीन आठवड्यांचं आजही वाईट वाटतं. आता गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाचा खुबा मी आधी फिरवून बघते. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांत तर हे अजिबात चुकवू नका. खुब्याचा गोळा वाढीच्या चकतीपाशी (हाड जिथून वाढतं तिथं) सरकलेला असू शकतो आणि मूल बोट गुडघ्याकडे दाखवतं.

याच वयात गुडघ्याच्या जरा वर किंवा खाली दुखून रात्री झोपमोड होत असेल, तर मालिश नको, एक्स-रे हवा. तिथं हाडाची गाठ असू शकते. पोटरी सुजली असेल तरी चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

एकच गुडघा महिनोन्महिने सुजलेला, मांडी वाळलेली, वजन घटतंय, असा पेशंट आला तर टीबी आठवा. तो नाही याची खात्री झाल्याशिवाय स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नये.

आणखी एक. पाणी असेपर्यंत मांडीचा स्नायू पूर्ण आवळतच नाही, मज्जातंतूंकडूनच त्याला आवर बसतो. व्यायाम करूनही मांडी भरत नाही म्हणून पेशंटला आळशी ठरवू नका. दर खेपेला वाटीच्या मध्यावर टेप लावून घेर लिहून ठेवा. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी तो वाढलेला दिसला तर व्यायाम कमी करा. तरीही सूज हटत नसेल तर घेराचे सगळे आकडे आणि सूज आल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून पेशंटला डॉक्टरांकडे पाठवा.