गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी हे तपासा

मे महिन्यात घोडबंदर रोडवर गाडी अडकते, एसीतून कोमट हवा यायला लागते, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक जण गॅरेजमध्ये जाऊन सांगतात, "गॅस भरून द्या." थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच रडगाणं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद पाइपांमधून तोच गॅस फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळालाय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस हा पाण्यात गेलेला पैसा आहे. शिवाय अनेकदा दोष गॅसचा नसतोच. म्हणून गॅरेजमध्ये जाण्याआधी घरीच थोडं बघून घ्या.

एसी नेमका कधी गार करत नाही, हे आधी लक्षात घ्या. पाम बीच रोडवर गाडी पळताना छान गार वाटतं आणि तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबलात की हवा कोमट होते, तर संशय कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि त्याच्या फॅनवर घ्या. सुरुवातीला गार आणि मग हवेचा झोतच मंदावला, एसी दहा मिनिटं बंद ठेवल्यावर पुन्हा नीट झाला, तर डॅशबोर्डमागच्या, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. झोत कायमच कमी असेल तर हवेतली धूळ अडवणारा केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हाताने निघतो. काळा पडला असेल तर झटकत बसू नका, नवा टाका.

आता गाडी मोकळ्या जागेत उभी करा. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर फुल, तापमान सर्वांत थंडावर, हवा आतल्या आत फिरणारं बटण दाबलेलं. बॉनेट उघडा आणि फॅन फिरतोय का ते बघा. हात, ओढणी, बाही पुलीपासून लांब ठेवा. फॅनपासूनही, कारण इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.

आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये हा फॅन फार महत्त्वाचा आहे. गॅसवर दाब देणाऱ्या कॉम्प्रेसरमधून आलेला तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडतो आणि द्रवरूप होतो. गाडी धावताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त फॅनवर असते. फॅन फिरत नसेल तर इंजिन बंद करून आधी फ्यूज बघा, मग रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच). फ्यूज बॉक्सच्या झाकणावर बहुधा नकाशा छापलेला असतो. त्याच नंबरचा दुसरा रिले, अनेक गाड्यांत हॉर्नचा चालतो, तात्पुरता लावून बघा. तरीही फॅन गप्प असेल तर मोटर किंवा वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा.

फॅन फिरतोय पण उभ्या गाडीत गार होत नाही? मग बाटलीभर पाणी समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर हळूहळू ओता. मिनिटभरात हवा गार झाली तर उष्णता बाहेर पडत नाहीये. फॅन मंद फिरतोय किंवा कंडेन्सर तुंबलाय. रस्त्यांच्या कामांची बारीक धूळ आणि पावसाळ्यातला चिखल पट्ट्यांमध्ये घट्ट बसतो. इंजिन थंड झाल्यावर साध्या होज पाइपने तो धुवा. वॉशिंग सेंटरवाल्याला जवळून प्रेशर गन मारू देऊ नका, पट्ट्या वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

पुढे कॉम्प्रेसर. एसीचं बटण दाबल्यावर बऱ्याच गाड्यांत 'टक्' असा आवाज येऊन पुलीच्या पुढची चकती, म्हणजे क्लच, फिरू लागते. काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतो, तिथे आवाजाची वाट बघू नका. मग डॅशबोर्डच्या दिशेने आत जाणारे दोन पाइप बघा. जाड पाइप थंड आणि घामेजलेला हवा, बारीक पाइप गरम. बारीक पाइपला हात जपून लावा. दोन्ही सारखेच लागले तर गॅस गेलाय किंवा कॉम्प्रेसर दाब तयार करत नाहीये. जाड पाइप मस्त थंड असूनही आत हवा कोमट असेल, तर गरम-थंड हवा मिसळणारा फ्लॅप अडकला असण्याची शक्यता जास्त. त्यासाठी गॅसला हात लावायची गरज नाही. गाडीखाली पाणी ठिबकतंय, ही चिंतेची नाही, चांगली खूण आहे. तेच पाणी पायाशी येत असेल तर ड्रेन पाइप तुंबलाय.

कॉम्प्रेसर मुळीच सुरू होत नसेल तर गॅस फारच कमी झाल्यामुळे प्रेशर स्विचने तो अडवलेला असू शकतो. आर-१३४ए प्रकारच्या गॅसच्या गाडीत, एसी बराच वेळ बंद आणि बाहेर ३० अंश असताना एसीवाल्याच्या दाब मोजायच्या मीटरवर साधारण १०० पीएसआय (दाबाचं एकक) दिसायला हवेत. त्याहून खूपच कमी म्हणजे बहुतेक गॅस गेलाय. १०० दिसले म्हणून गॅस पुरेसा आहे असं मात्र नाही. थोडासा द्रव गॅस शिल्लक असला तरी दाब तेवढाच राहतो.

इथून पुढचं काम एसीवाल्याचं. पाइपाचा जोड स्वतः खोलू नका. उसळलेला द्रव गॅस कातडी गोठवतो, डोळ्यांना इजा करतो. पण गळतीची जागा तुम्हीही हेरू शकता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल झिरपतं आणि त्यावर धूळ चिकटते. जोडाजवळ किंवा कंडेन्सरच्या खालच्या कडेला असा तेलकट काळा डाग दिसला तर मोबाइलवर फोटो काढून मेकॅनिकला दाखवा. कधी कधी फक्त ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) बदलून काम भागतं.

गॅरेजमध्ये ठामपणे सांगा: आधी लीक शोधा, मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारा (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढा), आणि पंप बंद केल्यावर मीटरचा काटा जागेवर टिकतोय का ते मला दाखवा. काटा सरकला तर गळती अजून आहे. आपल्या दमट हवेत व्हॅक्यूम टाळणं म्हणजे आत राहिलेल्या ओलाव्याचा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक वाटेत) बर्फ होऊ देणं. सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदला. गॅस कोणता आणि किती ग्रॅम, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तेवढाच वजन करून भरायला सांगा. अंदाजाने जास्त भरला तरी गारवा कमी होतो. स्वस्तात मिळणारा घरगुती सिलिंडरचा गॅस तर अजिबात भरू देऊ नका, तो पेट घेतो आणि कूलिंग कॉइल तुमच्या पुढ्यातच असते.

पैसे देण्याआधी डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर लावून गाडी दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवा. साधारण १० अंशांच्या आसपास हवा आली तर काम नीट झालंय. भर उकाड्यात दोन-चार अंश जास्त चालतील. आकडा उतरतच नसेल तर गाडी घेऊन निघू नका, तिथेच पुन्हा मीटर लावायला सांगा.