इंग्लिशच्या तासाला सुखावर मत मांडायला शिकवायचं असेल तर असं करून बघा

"व्हॉट इज हॅपिनेस?" असं विचारलं की वर्गातली हुशार पोरगी उठते, "हॅपिनेस इज अ स्टेट ऑफ माइंड" म्हणते आणि खाली बसते, बाकीचे ते वहीत उतरवून घेतात आणि झाला विषय. त्यात तिचं स्वतःचं मत कुठंच नसतंय. दहावीला व्ह्यू-काउंटरव्ह्यू, म्हणजे दिलेल्या मताची उलटी बाजू, लिहायला लागतं तिथंही हेच होतं, गाईडमधले मुद्दे जसेच्या तसे. मला मनापासून वाटतं की पोरांचं इंग्लिश अडत नाही, आधी मतच तयार झालेलं नसतं, म्हणून तोंड उघडत नाही. तर आधी मत, मग इंग्लिश, ह्या क्रमानं जायचं.

पहिली गोष्ट म्हणजे व्याख्या विचारायचीच नाही. वाद होईल असं एक वाक्य फळ्यावर लिहायचं. "पुण्यात नोकरी करणाऱ्यापेक्षा सोलापुरात राहणारा माणूस जास्त सुखी असतो." हे वाक्य आपल्याकडं सोलापुरात हमखास चालतं, कारण प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलेलं असतं आणि तिकडंच राहिलेलं असतं. किंवा "स्वतःचं घर झालं की माणूस सुखी होतो", सोलापूरजवळच्या कुंभारीत रे नगर ह्या कामगार वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशांना १५,००० घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्या बाजूची पोरं असतील तर ह्यावर त्यांच्याकडं बोलायला खूप असतं. मोठ्या माणसांचा संध्याकाळचा क्लास असेल तर "एकत्र कुटुंबात माणूस जास्त सुखी असतो" हे द्या, तास संपला तरी बोलणं संपत नाही.

मग खडूनं लादीवर खिडकीपासून दारापर्यंत एक रेघ मारायची. खिडकीपाशी पूर्ण पटतंय, दारापाशी अजिबात पटत नाही, आणि मधे कुठंही उभं राहायला मुभा. सगळ्यांना उठवून रेघेवर उभं करायचं आणि शेजारच्याला सांगायला लावायचं की मी इथं का उभा आहे, कुठल्याही भाषेत. आपल्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं असतात, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी असतात, त्यांना त्या भाषेत खुशाल बोलू द्या, पाच मिनिटं गोंधळ होईल, होऊ द्या. ह्या पाच मिनिटांत कारणं तयार होतात आणि ती एकदा घरच्या भाषेत बोलून झाली की इंग्लिशमध्ये फक्त शब्द शोधायचे राहतात.

आता इंग्लिश. वाक्यांची मोठी यादी देऊ नका, चार-पाचच द्या पण ती पक्की करून घ्या. "आय थिंक", "आय डोन्ट थिंक", "आय'म नॉट शुअर, बट", "दॅट्स ट्रू, बट" आणि "इट डिपेंड्स ऑन". आपली पोरं "आय थिंक मनी इज नॉट इम्पॉर्टंट" म्हणतात, ते चुकीचं नाही, पण इंग्लिश बोलणारा बहुतेक वेळा नकार आधीच टाकतो, "आय डोन्ट थिंक मनी इज इम्पॉर्टंट", हे तोंडात बसवायला थोडा वेळ द्यायला लागतो. "अकॉर्डिंग टू मी" हे तर आपल्याकडं मास्तरांच्या तोंडातसुद्धा बसलेलं आहे, माझ्या मते म्हणायचं असतं म्हणून. पण "अकॉर्डिंग टू" दुसऱ्याचं म्हणणं किंवा एखादा रिपोर्ट सांगताना वापरतात, स्वतःसाठी "आय थिंक" पुरतं, किंवा "इन माय ओपिनियन", दोन्ही एका वाक्यात नको. "आय अ‍ॅम अ‍ॅग्री" मधला "अ‍ॅम" काढायचा. आणि "इट डिपेंड्स" म्हणून कुणी खाली बसायला लागला की "ऑन व्हॉट?" विचारायचंच, नाहीतर ती पळवाट होते.

सुखासाठी सगळ्यात कामाचं वाक्य "मेक्स मी हॅपी". इथं तीन चुका ठरलेल्या, "मनी गिव्ह्ज मी हॅपी", "मेक्स मी टू हॅपी" आणि "मेक्स मी हॅपिनेस". मेक नंतर माणूस आणि त्याच्यामागं हॅपी, बस. पुढं क्रियापदाला आयएनजी लावून वाक्याची सुरुवात करायला शिकवा कारण खरी मतं तिथंच येतात. "गोइंग टू द गड्डा यात्रा विथ माय कझिन्स मेक्स मी हॅपीअर दॅन गेटिंग न्यू क्लोद्ज, बिकॉज..." गड्डा यात्रा म्हणजे आपली सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, संक्रांतीच्या आसपास तास घेत असाल तर ह्या वाक्यानं सुरू करा, नंदीध्वजाची मिरवणूक, पाळणे, भेळ सगळं आपोआप वर्गात येतं. बिकॉज शिवाय कुणालाही थांबू द्यायचं नाही, आणि बिकॉज नंतर एक उदाहरण, स्वतःच्या घरातलं किंवा गल्लीतलं.

ह्याच्यानंतर बाहेरची माहिती द्या, आधी नको, नाहीतर पोरं तीच पाठ करतात. वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट २०१२ पासून निघतो. त्यात लोकांना सांगतात की एक शिडी समजा, ० ते १० पायऱ्या, १० म्हणजे तुम्हाला जगता येईल असं सगळ्यात चांगलं आयुष्य, आज तुम्ही कुठल्या पायरीवर? २०१८ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी फिनलंड पहिला आणि २०२५ च्या यादीत भारत ११८ वा, पाकिस्तान १०९ वा. हे आकडे फळ्यावर लिहिले की वर्ग पेटतो, "सर हे खोटंय!" आणि इथंच पकडायचं, "खोटंय" चं इंग्लिश मागायचं, "आय डोन्ट थिंक धिस इज राइट बिकॉज", पुढं बोल. कुणीतरी म्हणेल की शिडीचा प्रश्न आयुष्य कसं चाललंय ह्याचा आहे, हसण्या-खेळण्याचा नाही. असा मुद्दा पोरांकडून आला की तो तास वसूल झाला समजा.

पैशाबद्दलची एक हकिकत तर जरूर सांगा. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन ह्यांनी अमेरिकेतल्या माहितीवरून मांडलं की वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या पुढं रोजचा आनंद वाढत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ ह्या संशोधकानं दाखवलं की वाढतो. मग कानेमन आणि किलिंग्जवर्थ बार्बरा मेलर्स ह्या संशोधिकेला मध्यस्थ म्हणून घेऊन एकत्र बसले आणि २०२३ मध्ये तिघांनी मिळून लिहिलं की बहुतेकांचा आनंद वाढत जातो, फक्त जे सगळ्यात दुःखी आहेत त्यांचा एका टप्प्यानंतर थांबतो. कानेमनना नोबेल मिळालेलं होतं २००२ मध्येच, तरी त्यांनी दुसऱ्याचं ऐकून घेऊन मत बदललं. "दॅट्स ट्रू, बट" कशासाठी असतं हे पोरांना ह्यातून जितकं कळतं तितकं माझ्या सांगण्यानं कळणार नाही.

एक गोष्ट मात्र फार जपायची. "आर यू हॅपी?" असा थेट प्रश्न कुणालाही सगळ्यांसमोर विचारू नका. एखाद्याच्या वडलांचे माग बंद पडलेले असतात, कुणाची आई रात्री उशिरापर्यंत विड्या वळते, कुणाच्या घरात आजार असतो, आणि तो पोरगा रेघेवर गप्प उभा असतो. म्हणून वाक्यात "पीपल", "माय नेबर्स", "यंग पीपल इन सोलापूर" असं घ्यायचं, स्वतःबद्दल सांगायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवावं. कुणाला बोलायचं नसेल तर "आय'ड रादर नॉट से" हेही शिकवून ठेवा, ते पण मतच आहे, आणि त्याच्यावर कुणी हसू नये हे आधी बजावून सांगा.

बोलताना मधे थांबवून दुरुस्ती नको. मागं उभं राहून कागदावर चुका टिपत जा, शेवटची दहा मिनिटं ठेवून नाव न घेता फळ्यावर लिहा आणि पोरांकडूनच सुधारून घ्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना रेघेच्या उलट्या टोकाला पाठवा, काल खिडकीपाशी होता तो आज दारापाशी, आणि आता ती बाजू मांडायची, मग घरी जाऊन दोन्ही बाजूंचं सहा-सहा ओळीत लिहून आणायचं. हेच बोर्डाच्या पेपरचं व्ह्यू-काउंटरव्ह्यू, गाईड न उघडता. वर्गात साठ पोरं असतील तर रेघ बाकांच्या मधल्या जागेत मारा आणि एकेका रांगेला आळीपाळीनं उठवा, बाकीचे बसून ऐकतील आणि ज्याचं पटलं नाही त्याच्या नावापुढं एक "बट" लिहून ठेवतील, त्यांची पाळी आली की सुरुवात तिथूनच करायची.