कॅमेऱ्याला शिव्या घालण्याआधी वायर बघा : या चुका टाळा

"दिवसा झकास चालतोय, रात्री बंद पडतोय." कोल्हापुरात सीसीटीव्ही कॅमेरे बसवायला लागल्यापासून हे इतक्या वेळा ऐकलंय की आता फोनवर मीच आधी विचारतो, "गेटवरचाच ना?"

फुलेवाडीतल्या एका बंगल्यात हेच झालं. घरापासून गेट चाळीस मीटर. आधीच्या पोरानं 12 व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे कॅमेऱ्याला वीज देणारा डबा, टीव्हीमागं ठेवला आणि लॅन केबलमधलीच एक बारीक जोडी पॉवरला वापरून गेटपर्यंत नेली. अंधार पडला की चित्र जायचं, अर्ध्या मिनिटानं यायचं, परत जायचं. काकांनी दोनदा कॅमेरा बदलून घेतला होता. "तिसरा आणू काय?" मला विचारत होते. शिडी लावली, कॅमेऱ्याच्या पिनेवर मीटर धरला. भर दुपारी 10 व्होल्ट. मग लेन्सशेजारच्या सेन्सरवर तळहात दाबला. आत टक् वाजलं, लाल दिवे लागले आणि मीटर 8 वर. कॅमेऱ्यानं मान टाकली. काका खालून बघतच राहिले.

रात्री आयआर, म्हणजे अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेऱ्याची भूक वाढते. याची 0.2 अँपियरवरून 0.4 वर गेली होती. करंट दुप्पट, की वायरमध्ये मरणारे व्होल्टही दुप्पट. 24 गेजची शुद्ध तांब्याची जोडी असती तरी चाळीस मीटरला पावणेतीन व्होल्ट गेलेच असते. ही निघाली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे सीसीए. तिनं चार खाल्ले. मी एक एमएमची तांब्याची वायर वेगळी ओढली. आता रात्रीसुद्धा वायरीत अर्ध्या-पाऊण व्होल्टाच्या वर मरत नाही. कॅमेरा तोच, बदललाच नाही.

नवं काम असेल तर मी सरळ पीओई स्विच लावतो, म्हणजे लॅन केबलमधूनच चित्राबरोबर वीजही नेणारा. 48 व्होल्टच्या आसपास पाठवल्यावर तेवढ्याच वॅटला करंट चौथा हिस्सा लागतो, वायरीत फारसं काही मरत नाही, आणि स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत 100 मीटरच्या आत असलं की एकाच केबलवर भागतं. पण बाजारात जोडीनं मिळणाऱ्या त्या छोट्या शेपट्यांना पीओई म्हणू नका. त्या 12 व्होल्टच पुढं ढकलतात, दुखणं तेच राहतं.

केबल घेताना दुकानातच तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी दिसली तर ठेवून या. हजार-दीड हजार वाचवले म्हणून खूश होणारी माणसं पुढं मला व्हिजिटचे पैसे देतात. माझी तक्रार नाही.

दुसरं दुखणं पावसाचं. आपल्याकडं जून लागला की चार महिने भिंत वाळत नाही, आणि लोक आरजे-45 चा, म्हणजे लॅन केबलच्या प्लगचा जोड कॅमेऱ्याखाली उघडा लोंबकळत ठेवतात. फार तर वर काळी टेप. टेपनं पाणी अडत नाही, आत गेलेलं बाहेर पडत नाही एवढंच. त्यात पीओईचा करंट सतत चालू, मग पिना हिरव्या पडून झिजतात. जोड जंक्शन बॉक्समध्येच घ्या, केबल खालच्या बाजूनं आत न्या. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली पोट द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. एका घरात मी हे पोट सोडलं आणि मालकानं "गबाळं दिसतंय" म्हणून क्लिपा मारून ताठ केलं. श्रावणात पाणी केबलीवरून भोकात आणि भोकातून थेट एनव्हीआरवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यावर. मी भोक बाहेरच्या अंगाला उतरतं मारतो, तेवढ्यानं सुद्धा फरक पडतो.

घरात वापरायची पांढरी केबल उन्हात टाकू नका, दोन-चार उन्हाळ्यांत साल तडकते. बाहेरची, काळ्या सालीची घ्या.

लाइटच्या 230 व्होल्टच्या पाइपातून लॅन केबल नेऊ नका. पाइप मोकळा दिसतोय हे कारण नव्हे.

लॅनचा प्लग मारताना "दोन्ही टोकांना सारखे रंग लावले की झालं" असं म्हणणाऱ्यानं माझ्या हाताखाली येऊ नये. एकमेकींना पिळलेल्या तारांच्या जोड्या फुटतात, टेस्टरवर आठही दिवे लागतात आणि चित्र मात्र अडखळतं. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पाठ करा.

बंगल्यावरून आउटहाउसवर हवेतून तांब्याची केबल ओढू नका. वळवाची वीज जवळपास पडली तरी दोन्हीकडचे पोर्ट जातात. तिथं फायबर टाका.

आणि नव्या पोरांची घाई: आधी भोकं, आधी क्लिपा, टेस्टिंग शेवटी. मी कॅमेरा, केबल, स्विच सगळं जमिनीवर जोडून एकदा चित्र बघतो, मगच शिडीवर चढतो. दोन्ही टोकांना मीटरभर जादा केबल ठेवतो आणि पांढऱ्या टेपवर पेनानं लिहितो: गेट, जिना, गोठा. परवा एका घरी एनव्हीआरमागं आठ काळ्या केबली होत्या, एकीवरही नाव नाही. गोठ्याची शोधण्यात अर्धा दिवस गेला, आणि ती निघाली कपाटामागं उंदरानं कुरतडलेली.