कस्टमर सक्सेसला माणूस घेताना, आणि तो टिकवताना

कस्टमर सक्सेस म्हणजे सॉफ्टवेअर विकल्यानंतर ग्राहक ते नीट वापरतोय ना, सोडून जात नाही ना, हे बघणारं काम. त्यासाठी माणूस घेताना जाहिरात टाकण्याआधी कामाची वाटणी कागदावर उतरवा. तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, कोण सोडवणार, रिन्यूअलचं, म्हणजे वर्गणी पुढे चालू ठेवण्याचं बोलणं कोण करणार, कोणाला न विचारता किती टक्क्यांपर्यंत सवलत देता येणार. हे ठरलेलं नसलं की सीएसएम (कस्टमर सक्सेस मॅनेजर) म्हणून घेतलेला माणूस महिन्याभरात तिकिटं उपसताना दिसतो, कारण तीच रोज समोर येऊन पडतात. वर्षअखेरीला मात्र त्यालाच विचारतात, रिन्यूअल का गेलं म्हणून. जबाबदारी आहे आणि अधिकार काडीचा नाही, अशा जागेवर शहाणा माणूस टिकत नाही. या लेखातल्या बहुतेक गोष्टी इथेच येऊन थांबतात.

मी बाणेरला, लहान कारखान्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत ही टीम सांभाळते. ग्राहक बहुतेक भोसरी, चाकण, शिरोली, इचलकरंजीचे; थोडे अमेरिकेतले. टीम एका टेबलाभोवती मावते. तुमची शे-दोनशे जणांची असेल तर यातलं निम्मं तुमच्या एचआरने आधीच बिघडवून ठेवलेलं असेल.

मालक पहिला प्रश्न विचारतील तो पगाराचा. त्यांना साधं गणित दाखवा. महिन्याला २ टक्के ग्राहक सोडून गेले तर कोणाच्या डोळ्यावर येत नाही. पण त्याच चालीने १२ महिन्यांनी १०० पैकी ७८च्या आसपास उरतात. म्हणजे सेल्सने पुढच्या वर्षी आधी २२ ग्राहक आणायचे, ते फक्त होतं तिथे पोचायला.

एका माणसाकडे खाती, म्हणजे ग्राहक कंपन्या, किती, हेही गणितानेच ठरवा. ६० खाती, प्रत्येकाशी महिन्यातून एकदा पाऊण तास बोलणं, आणि त्याआधीची तयारी, नंतरच्या नोंदी मिळून आणखी पाऊण तास. झाले ९० तास. महिन्याचे कामाचे तास १७६ धरले तर निम्म्याहून जास्त इथेच गेले. ट्रेनिंग, तक्रारी, आतल्या मीटिंगा वेगळ्याच.

माणूस कुठे शोधायचा? लिंक्डइनवर ‘कस्टमर सक्सेस’ लिहिलेले पुष्कळ सापडतात आणि महागही पडतात. मी आधी आपल्याच सपोर्ट टीममध्ये बघते, मग ग्राहकाच्या धंद्यातून आलेल्या माणसांत. आमच्याकडची एक जण आधी सीएच्या ऑफिसात रिटर्न भरायची. जीएसटीच्या रिटर्नांपैकी ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, हे तिच्या अंगात भिनलेलं. त्यामुळे १८ ते २० या दिवसांत ती कोणाच्या अकाउंटंटला ट्रेनिंगला बसवत नाही. मे २०२३मध्ये अधिसूचना निघाली, की १ ऑगस्टपासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागू. तिने त्याच आठवड्यात यादी चाळून नव्याने यात येणारे, ५ ते १० कोटींमधले ग्राहक वेगळे काढले आणि फोन सुरू केले. जुलैअखेर धावपळ करत आमच्याकडे येणारे फार थोडे उरले. हे कोणी स्लाइड दाखवून शिकवत नाही.

मुलाखतीत ‘तुमची बलस्थानं सांगा’ वगैरे विचारू नका. एक खोटं खातं द्या आणि फोन करायला लावा. माझं ठरलेलं खातं असं: भोसरीचा प्रेस शॉप, जानेवारीपर्यंत रोज ३-४ जण लॉगिन करायचे, फेब्रुवारीपासून एकच, तेही महिन्याच्या शेवटी. रिन्यूअल जूनमध्ये. शेठ मी होते आणि फोनवर एवढंच म्हणते:

‘‘सगळं मस्त चाललंय ताई, काही प्रॉब्लेम नाही.’’

निम्मे उमेदवार इथे खूश होऊन नवीन मोड्यूलची माहिती द्यायला लागतात. एक मुलगा थोडा थांबून म्हणाला, ‘‘साहेब, चलन हल्ली कोण बनवतं?’’ मी म्हटलं, जुना अकाउंटंट सोडून गेला, नवीन पोरगा टॅलीवरच करतो. ‘‘मग त्यालाच दोन मिनिटं फोन देता का? आणि स्टोअरला कोण असतं आता?’’ त्याचं इंग्रजी यथातथाच होतं. त्याला घेतला. अमेरिकन खात्यांना अर्थातच वेगळा माणूस लागतो. पण चांगल्या इंग्रजीची चाळणी सगळ्यांना लावलीत तर असा मुलगा गाळला जातो.

आयटीत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो, आणि त्या तीन महिन्यांत तुमची ऑफर दाखवून माणूस दुसरीकडे भाव करतो. त्याला बोल लावू नका, आपणही हेच केलं असतं. आठवड्यातून एक फोन करा, टीममधल्या कोणाबरोबर जेवायला बोलवा. स्वतःच्या कंपनीतला नोटीस पिरियड मात्र ३० दिवसांवर आणा. मनाने गेलेला सीएसएम तीन महिने ग्राहकाशी बोलत राहिला तर नुकसान तुमचंच आहे.

पहिले दोन आठवडे त्याला सपोर्टशेजारी बसवा, आणि नंतर एक अख्खा दिवस ग्राहकाच्या कारखान्यात. चाकणला आमच्या एका नव्या मुलीने पाहिलं, की स्टोअरकीपर दिवसभर येणारा माल वहीत लिहितो आणि संध्याकाळी सहाला एकदम सगळं कॉम्प्युटरवर चढवतो, कारण पीसी वरच्या मजल्यावर आहे. ‘तुमचा स्टॉक दुपारी कायम चुकीचा दाखवतो’ या जुन्या तक्रारीचं कारण तेच होतं. खाली एक टॅब बसवला, तक्रार बंद.

आता टिकवण्याचं. इन्सेंटिव्हपासून सुरू करते, कारण घोळ तिथेच होतो. एनपीएसवर, म्हणजे ‘आमची शिफारस कराल का’ याला ग्राहक दहापैकी किती गुण देतो त्यावर, पैसे लावू नका. त्या पद्धतीत ९-१० देणारे खूश, ७-८ तटस्थ, ६पासून खाली नाराज. आपल्याकडे दहापैकी सात म्हणजे फर्स्ट क्लास! इचलकरंजीचे काका मनापासून खूश होऊन सात देतात आणि इकडे आमच्या सीएसएम मुलीचा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग, कापला जातो. फिक्स्ड पगार चांगला ठेवा, व्हेरिएबल रिन्यूअलवर ठेवा, आणि ग्राहक प्रॉडक्टमधल्या जुन्या बगमुळे गेला असेल तर ते खातं हिशोबातून वगळा.

सेल्सने दिलेली वचनं हा दुसरा घोळ. ‘‘तुमच्या सेल्सवाल्याने सांगितलं होतं की वजनकाटा जोडून देऊ’’ हे वाक्य सीएसएमने पहिल्या कॉलवर ग्राहकाच्या तोंडून ऐकू नये. आमच्याकडे सेल्स नवा ग्राहक सीएसएमकडे सोपवतं तेव्हाच्या हँडओव्हर फॉर्मवर ‘काय कबूल केलं आहे’ असा रकाना आहे. तो रिकामा असेल तर सीएसएम खातं घेत नाही, आणि सेल्सचं कमिशनही तोवर अडतं. भांडणं झाली, व्हायलाच हवी होती. तसंच, दर स्प्रिंटमध्ये, म्हणजे डेव्हलपर टीमच्या कामाच्या दर फेरीत, एक दुरुस्ती सीएसएमच्या पसंतीची. महिनोन्‌महिने ‘टीमला कळवलंय’ एवढंच सांगत राहायला लागलं की माणूस आतून सुटतो, राजीनामा नंतर येतो.

शिवीगाळ करणाऱ्या शेठचा फोन सीएसएमने ठेवून द्यायचा, पुढचा फोन मी करते. हा नियम लिहून ठेवलेला आहे.

अमेरिकन खात्यांची रात्र पाळीपाळीने द्या, भत्ता वेगळा द्या. रात्रपाळी केलेल्याला सकाळी ११च्या मीटिंगला बोलवू नका. हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. घरापर्यंत गाडी त्यातच धरा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं तासाने सरकतात, तेव्हा पुणे-न्यूयॉर्क फरक साडेनऊचा साडेदहा होतो किंवा उलट. गाडीची वेळ आधीच्या आठवड्यात बदलून ठेवा.

तरीही माणसं जातातच. म्हणून प्रत्येक मोठ्या खात्यावर दुसरा एक जण ओळखीचा ठेवा, आणि जाणाऱ्याने नव्याला सोबत घेऊन निरोपाचा कॉल करायचा. पहिल्या दिवशीच कंपनीचं सिम द्या. आमचे ग्राहक ईमेल उघडत नाहीत, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, आणि नंबर मुलीचा स्वतःचा असेल तर नोकरी सोडून वर्ष झालं तरी २० तारखेच्या रात्री तिलाच फोन जातो.