इलेक्ट्रिक गिटारच्या तारा: धातू पाहून संच कसा निवडावा

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांच्या पाकिटावर ‘निकेल प्लेटेड’, ‘प्युअर निकेल’, ‘स्टेनलेस स्टील’ असं काहीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो, ते बहुतेक वेळा सहापैकी तीनच तारांबद्दल असतं. पहिली, दुसरी आणि तिसरी या बारीक तारा जवळपास सगळ्या संचांत सारख्याच असतात: जास्त कार्बनचं पोलाद, वर कथलाचा पातळ मुलामा. धातू बदलतो तो चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या तारेच्या गाभ्यावर गुंडाळलेल्या वेढ्यांचा.

खरेदीआधी हे ध्यानात घेतलं तर पैसे वाचतात. सोलो वाजवताना पहिल्या दोन तारा कानाला टोचतात म्हणून महागडा प्युअर निकेल संच आणला, तरी टोचणं तसंच राहणार. त्यावरचे उपाय वेगळे आहेत: पिकअप (तारांखालचा, त्यांचा कंप टिपणारा भाग) त्या बाजूने किंचित खाली घ्या, टोनचं बटण थोडं मागे फिरवा, जाड प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) वापरून पाहा. धातू बदलायचा तो जाड तारांच्या आवाजासाठी.

पिकअपला काय ऐकू येतं

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढे दिलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वरची गिटारची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत वीज निर्माण होते. अँपपर्यंत, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरपर्यंत, पोचते ती ही वीज. त्यामुळे तार चुंबकाला ओढली जाणारीच हवी. नायलॉनची तार पिकअपला ऐकूच येत नाही. तंबोऱ्याच्या खर्जाला लावतात ती पितळी तारही नाही.

म्हणूनच अकूस्टिक गिटारचा ब्राँझ संच इलेक्ट्रिकवर चढवू नका. त्यातल्या जाड तारांचा गाभा पोलादी असतो, त्यामुळे थोडा आवाज येतो, पण वरच्या ब्राँझची पिकअप दखल घेत नाही. बारीक तारा जोरात आणि जाड तारा दबलेल्या, असा बेढब तोल होतो.

आता वेढ्यांचा धातू निवडा

तीन धातूंची चुंबकीय ताकद ताडून पाहण्यासारखी आहे. चुंबकीय क्षेत्र कितीही वाढवलं तरी लोखंड साधारण २.१५ टेस्लापर्यंत चुंबकित होतं, कोबाल्ट १.८ पर्यंत आणि निकेल जेमतेम ०.६ पर्यंत. तारांच्या स्वभावातला बराच फरक यातूनच येतो.

निकेल प्लेटेड स्टील म्हणजे पोलादी वेढ्यांवर निकेलचा मुलामा. आज बाजारात सर्वांत जास्त हेच संच मिळतात. आतल्या पोलादामुळे आवाज भरघोस, वरच्या निकेलमुळे बोटांखाली स्पर्श मऊ. कोणता संच घ्यावा हे ठरत नसेल तर इथूनच सुरुवात करा. तुलनेसाठी हाच पाया चांगला.

प्युअर निकेलमध्ये वेढे संपूर्ण निकेलचे. पिकअपला मिळणारा संदेश थोडा क्षीण, वरचे स्वरांश मवाळ, आवाज गोल आणि उबदार. १९५० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारवर हेच वेढे रूढ होते, त्यामुळे जुना ब्लूज किंवा रॉक-अँड-रोल वाजवणारे आजही यांच्याकडे वळतात. अँपमध्ये आधीच तिखटपणा असेल तर हा संच फार छान बसतो. आवाज मुळातच दबका असलेल्या गिटारवर मात्र तो आणखी बुजतो.

स्टेनलेस स्टील सर्वांत चमकदार. कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो आणि घामाला तो इतरांपेक्षा चांगला टिकतो. पण हा धातू कडक आहे. बोट सरकवताना करकर जास्त येते आणि फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) लवकर झिजतात, कारण नेहमीचे फ्रेट तांबं, जस्त आणि निकेलच्या तुलनेने मऊ मिश्रधातूचे असतात. गिटारला स्टेनलेसचे फ्रेट असतील तर ही काळजी उरत नाही. निकेलने बोटांना खाज येणाऱ्यांनी नुसतं ‘स्टेनलेस’ वाचून थांबू नये, पाकिटावर ‘निकेल-फ्री’ लिहिलंय का ते पाहावं. काही प्रकारच्या स्टेनलेसमध्येही निकेल असतं.

कोबाल्ट मिश्रित वेढ्यांचे संच २०१२ च्या सुमारास एर्नी बॉल या तारांच्या कंपनीने आणले. संदेश जोरकस आणि खर्ज घट्ट, म्हणून डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजात) रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, वाजवणाऱ्यांना ते आवडतात. किंमत जास्त असते.

तिसऱ्या तारेबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. जाझसाठीच्या १२ (पहिली तार ०.०१२ इंच) किंवा त्याहून जाड संचांत ती बऱ्याचदा वेढ्यांची असते, तेव्हा धातूचा फरक तिच्यावरही ऐकू येतो. १९५४ मध्ये फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आली तेव्हा तिच्या पिकअपमधले चुंबकाचे खांब वेढ्यांच्या तिसऱ्या तारेच्या हिशेबाने कमी-जास्त उंच ठेवले होते. त्या पद्धतीच्या पिकअपवर आजची साधी तिसरी तार वाजवली की ती इतरांपेक्षा जोरात बोलते. तिथे दोष तारेचा नसतो.

तुलना कशी करावी

एका वेळी एकच गोष्ट बदला. सध्या १०-४६ जाडीचा (पहिली तार ०.०१० इंच, सहावी ०.०४६ इंच) निकेल प्लेटेड संच असेल, तर शक्यतो त्याच कंपनीचा, त्याच जाडीचा दुसऱ्या धातूचा संच घ्या. जाडीही बदलली तर ताण बदलतो, आणि ऐकू येतोय तो फरक धातूचा की ताणाचा हे कळत नाही.

जुन्या तारांशी नव्यांची तुलना करू नका, कारण नवी तार कोणत्याही धातूची असो, चमकदारच वाटते. पहिला संच नवा असतानाच फोनवर एक रिफ आणि दोन कॉर्ड रेकॉर्ड करून ठेवा. दुसरा संच चढवला की तारा हाताने हलक्या ओढून परत सुरात लावा, त्या स्थिरावल्या की अँपची बटणं आणि फोनची जागा तीच ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा. पहिल्या दिवसाची झळाळी ओसरल्यावर आणखी एकदा ऐका. रोज वाजवायचा आवाज तोच.

पाकिटावर ‘राउंड कोअर’ लिहिलं असेल तर तार कापण्याआधी तिला काटकोनात दुमडा, मगच टोक कापा. गोल गाभ्यावर वेढ्यांची पकड षटकोनी गाभ्याइतकी नसते. सरळ कापली तर वेढे सैल सुटतात आणि तार निर्जीव वाजते.

घाम, पावसाळा आणि तार बदलण्याची वेळ

मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत आधी जातात त्या बारीक तारा, कारण कथलाचा मुलामा झिजला की पोलाद उघडं पडतं. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तार वरून आणि खालूनही पुसा. पॉलिमरचं आवरण असलेले संच महाग असले तरी पावसाळ्यात परवडतात.

जाड तारांच्या वेढ्यांत मळ आणि कातडीचा चुरा साचतो, मग धातू कोणताही असो, आवाज बसतो. तारेखालून नख फिरवून पाहा. फ्रेटवर टेकते तिथे खाच लागली, किंवा बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता बोट हलकेच टेकवून काढलेल्या स्वराशी) पूर्वी जुळायचा आणि आता जुळेनासा झाला, तर ब्रिजशी (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या भागाशी) खटपट करण्याआधी संच बदला.